येतो

कुकरची शिट्टी वाजली तसं गप्प घर दचकलं. हवाई हल्ल्याच्या भीतीने खिडक्यांना काळे कागद चिकटवल्याने छावणीतलं ते क्वार्टर भर दुपारीही डब्यासारखं बंद होतं.

"अहो, दोन घास खाऊन जा की."

"गाडी उभी आहे गं. जातो," सीमेवर निघालेला नवरा घाईत बोलून गेला.

स्वप्नाली त्याच्या वाटेत उभी राहिली. "जातो काय? येतो म्हणा."

"येतो, बाईसाहेब," म्हणत तो हसला आणि दार लागलं. बायका-मुलांना बाहेर पडायला मनाई होती. ती दाराला कान लावून गाडीचा आवाज ऐकत राहिली.

लेकीने तिची ओढणी धरली. "आई, ज्यांच्याशी बाबा लढणार, तेपण घरी 'येतो' सांगूनच निघालेत?"

"हो गं, राणी. त्यांच्या भाषेत, पण तेच."

"सगळ्यांनाच परत यायचंय, तर मग जातात कशाला?"