निकालाआधीचा मलिदा

"आजच?" सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझानकाका परातीकडे बघतच राहिले.

परातीत मलिदा होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर पाच फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला बोललेला नवस फळला की आभाराचा मलिदा करायचा, ही कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची रीत. सेगुलाबाईंचा नवस मात्र अजून कोर्टात अडकला होता. समुद्राकडची वाडी विकली नाही म्हणून बिल्डरने त्यांच्या मुलावर, रूबेनवर, चोरीचा आळ घेऊन त्याला आत टाकायला लावलं होतं. निकाल आज दुपारी होता.

"बाई, आधी सुटका, मग आभार. देवाला असं कोंडीत पकडू नये."

"दावीद राजाची स्तोत्रं तुम्हीच शिकवलीत ना? दावीद संकटाच्या खड्ड्यात असतानाच आभार मानून मोकळा होतो. मीच का थांबू? माझं खाऊन देव न्याय कसा करत नाही, तेच बघते. दया त्याने बिल्डरवर करावी. त्याला लागणार आहे ती."

हझानकाकांनी टोपी सारखी केली आणि प्रार्थना सुरू केली. मग सगळ्यांनी मलिदा खाल्ला. छान झालाय, असं कुणीच म्हणालं नाही.

सेगुलाबाईंनी एक वाटी भरून बाजूला ठेवली. "रूबेनची."

"ओलं खोबरं आहे," हझानकाका हळूच म्हणाले. "या उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबेल."

सेगुलाबाईंनी वाटीवर झाकण दाबून बसवलं.

"तुमचं देवाशी रोजचं बोलणं आहे ना? आंबायच्या आत पोराला घरी पाठव म्हणावं."