जे मागेल ते

सलग नऊ सामने हरलेल्या, इंडोनेशियातल्या बान्युवांगीच्या फुटबॉल क्लबला चार प्रशिक्षकांनी नकार कळवला होता. पाचवा, ब्राझीलचा, लॅपटॉपच्या पडद्यावर वाट बघत होता. लीगला संध्याकाळपर्यंत नव्या प्रशिक्षकाचं नाव द्यायचं होतं.

"वागिमान, जे मागेल त्याला हो म्हण. मला विचारत बसू नकोस," अध्यक्ष सुबेक्ती, क्लबातले 'पाक' म्हणजे साहेब, घाम पुसत म्हणाले. "हाही हातचा गेला तर बुडालो आपण."

क्लबमध्ये पोर्तुगीज येत होतं ते एकट्या वागिमानला. एकोणीस वर्षं क्लबच्या ब्राझिलियन गोलकीपरांना सराव देताना, त्यांच्यावर चेंडू हाणता हाणता तो ते शिकला होता.

"येतो मी," पडद्यावरचा माणूस म्हणाला. "पण एकेचाळीस गोल खाल्लेत तुम्ही. गोलकीपरांना शिकवणारा जो कोणी आहे, त्याला आधी घरी पाठवा. माझा माणूस मी आणेन."

वागिमाननं अध्यक्षांकडे पाहिलं. टेबलाखालून अध्यक्षांनी त्याचा गुडघा दाबला.

"हो," तो पोर्तुगीजमध्ये म्हणाला. "आजच जाईल तो."

"काय रे, काय मागितलं?"

"फार काही नाही, पाक. एक माणूस बदलायचाय."

"एकच? अरे, दहा बदलू!" अध्यक्षांनी त्याला मिठीच मारली. "तू होतास म्हणून निभावलं बघ. तुझ्याशिवाय पान हलत नाही रे इथलं."