दासीचा नकार

"राक्षसराजाची दासी अखेर मान वर करते आणि म्हणते, नाही!" येरझारा घालत केळुस्कर सरांनी अद्भुतरम्य कादंबरीचं शेवटचं वाक्य सांगितलं आणि कुमुदताईंनी ते टाइप केलं.

"व्यक्तिरेखा अशी वाढली पाहिजे! स्वातंत्र्य हाच माझा विषय," सर खुशीत म्हणाले. "आता चहा टाका. उद्या रविवार असला तरी या. माझे सदरे इस्त्री करायचेत."

टायपिंगसाठी ठेवलेल्या कुमुदताई नोकरी जाईल म्हणून वर्षभर हेही करत आल्या होत्या. आज त्यांनी पर्स उचलली.

"मी येणार नाही. आणि चहा तुमचा तुम्ही करा."

सर चमकले. "हे तुमच्या स्वभावात बसत नाही! एकदम असा बदल?"

चपला पायात सरकवत त्या म्हणाल्या, "एकदम कुठे, सर? चारशे पानं लागली."