चंद्रावरचा होकार

चांद्र विद्यापीठात आलेल्या पाहुण्याला पासवर्ड कधीच मिळत नसे. त्याचा फोन वायफायला लागला की वायफाय पृथ्वीवरच्या त्याच्या कॉलेजला विचारायचं, "हा तुमचाच ना?" तिकडून होकार यायला तीनेक सेकंद जायचे, मग सगळी दारं उघडायची.

प्राध्यापक शमीम परकार मात्र फोन पर्समधून काढेचनात. कोकणातलं त्यांचं कॉलेज समुद्रानं गिळलं होतं. आता होकार देणार कोण?

"काढा तर खरं, मॅडम," यजमान मेश्राम म्हणाले.

शमीमबाईंनी बोट टेकवलं. ते उचलायच्या आतच पडद्यावर कॉलेजचं नाव झळकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"माझी कीव आली म्हणून आत घेतलंत ना? पृथ्वीवरून इतक्या लवकर उत्तर येतच नाही."

"पृथ्वीवरून आलंच नाही ते." मेश्रामांनी समोरच्या खोलीतल्या लुकलुकणाऱ्या पेटीकडे हात केला. "हा तुमच्या कॉलेजचा सर्व्हर. बुडताना तेवढा वाचला. तुमची माणसं जगभर पांगली, त्यांना कुठंही गेलं तरी कुणीतरी आपलं म्हणायला हवं. म्हणून दरवर्षी एकेक विद्यापीठ तो सांभाळतं. यंदा पाळी आमची."

शमीमबाई खोलीच्या दाराशी गेल्या आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.

"अहो, असू द्या बूट!"

"छे, छे," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढतात."