आखडलेला हात

जांघेतून नळी आत सरकली तेव्हा मुबारकबी जागी होती. भूल तेवढ्याच जागेची दिली होती. बाजूच्या पडद्यावर तिचं हृदय राखाडी सावलीसारखं हलत होतं.

“तुमचे डॉक्टर मुके हायेत का गं?” तिनं उशाशी उभ्या नर्सला विचारलं.

“सर कामात असले की बोलत नाहीत, आजी,” पंकजा हसली. “मी तरी कधी ऐकलं नाही.”

काल मात्र ते बोलले होते. हृदयाची झडप चुना साचून कडक झाली होती. ती बदलायची, पण जिथे नवी बसवायची ती कडीच जेमतेम अठरा मिलिमीटरची. सगळ्यात लहान झडपही तिथे दाटीनं बसणार. जोर जास्त झाला तर कडी फाटेल. छाती उघडावी, तर फुफ्फुसं टिकणार नाहीत. काहीच न करावं, तर पावसाळाही दिसणार नाही. तिचा मुलगा अझीम भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

“आमच्या धंद्यात बांगडी फुटते,” मुबारकबी म्हणाली होती. “इथं हातच फुटायचा.”



भिंगारच्या बाजारात तिनं जन्मभर बांगड्या भरल्या. सैल हाताला काही विचारावं लागत नाही. आखडलेल्या हाताला साबण लावायचा, अंगठा आत दाबायचा. तरी काच हाडावर अडते. पुढं जात नाही, मागं येत नाही. अशा वेळी काय करायचं ते सासूनं शिकवलं होतं. बाईला माहेर विचारायचं. ती मनानं तिकडे जाते, हात ढिला पडतो. एखादी बांगडी चढते. बहुतेक फुटतातच, पण बाई हात हिसकत नाही, काच खोल जात नाही. एरवी मुबारकबीनं कुणाला माहेर विचारलं नव्हतं.

छातीत काहीतरी ओढलं गेलं. डॉक्टरांचे हात थांबले. यंत्राची टिकटिक भराभर होऊ लागली. पंकजा आता हसत नव्हती.

डॉक्टर किंचित वाकले. आवाज फार मऊ होता.

“आजी, माहेर कुठलं तुमचं?”

मुबारकबीनं त्यांच्याकडे पाहिलं.

“राहुरी,” ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकानं सोडावा तसा तिनं हात सैल सोडला.