महेश्वरीनं घेतलेलं नाव

खत खपवलं म्हणून कंपनीनं दुकानदारांना अंदमानचं जंगल दाखवायला नेलं. कळंबच्या शिवानंदनं तापानं फणफणलेली बायको, महेश्वरी, बहिणीच्या गळ्यात टाकली आणि निघाला. फुकटचं कोण सोडतंय?

गर्द झाडीत गाईडनं सगळ्यांना थांबवून एक काळा पक्षी दाखवला. पक्षी बोलला, “शिवानंद!”

आवाज महेश्वरीचा होता. उखाणा सोडला तर तिनं नवऱ्याचं नाव जन्मात तोंडातनं काढलं नव्हतं.

“वहिनी इथंबी आल्या व्हय!” शेजारचा दुकानदार झुबेर खिदळला.

शिवानंदनं बहिणीला फोन लावला.

“दादा, वहिनी सकाळधरनं तुझं नाव घेऊन हाका मारायली होती. आत्ता गप पडली. अंग गार लागायलंय.”

झाडातली हाक थांबेना. आता ती खालच्या फांदीवरनं येत होती.