तिखट कानांचा म्हातारा

प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या बाईंनी हाक मारली आणि कोपऱ्यातला करड्या तोंडाचा म्हातारा कुत्रा ताडकन उठला. बाकीचे तरुण गडी आपले लोळतच होते.

"हाच!" नाना म्हणाले.

"दम धरा जरा, नाना," लेक म्हणाली. "त्याचं वय झालंय."

"मग मी काय कोवळा आहे?"

बाई तापट दिसत होत्या. हाक मारतानासुद्धा फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटत होत्या. त्यांनी लेकीला बाजूला नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. लेक परत आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. पण तोवर नाना गळपट्टा अडकवून दारात उभे! तिनं कपाळाला हात लावला आणि हसायलाच लागली.

कुत्रा कशासाठी हवा, हे नानांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सारा जन्म छापखान्यात मशीनवर गेला. त्या धडधडीनं कान कधी नेले ते कळलंही नाही. तिथं सगळेच एकमेकांचे ओठ वाचायचे. ती विद्या आता कामी येत होती. समोरचा बोलला की नाना फटाफट उत्तर द्यायचे, कुणाला शंकासुद्धा यायची नाही. अडचण एकच. बेलला ओठ कुठून आणायचे?

एकदा लेक दाराबाहेर ताटकळली होती. "डोळा लागला होता गं," नानांनी थाप मारली. ती म्हणाली, "ठीक आहे. पण ऐकू येईनासं झालं ना नाना, तर गाठोडं बांधून माझ्या घरी नेईन. एकटं ठेवणार नाही."

दुकानावरच्या या दोन लाकडी खोल्या सोडायच्या? खिडकीपाशी बायको वेणी घालत बसायची. स्वयंपाकघराच्या दारात तिच्या पावलांनी फळी झिजली होती. लेकीच्या घरी सगळं होतं, पण ती नव्हती. नानांना हे घर सोडवतच नव्हतं.

कुत्र्यानं, नानांच्या म्हातारबानं, मात्र पहिल्याच दिवशी पांग फेडले. पेंगत होता तो उठला, शेपूट हलवत दाराशी गेला. नाना मागोमाग. दार उघडलं तर लेक!

"अरे वा, लगेच उघडलंत!"

"मग? कान शाबूत आहेत माझे!"

दूधवाला आला, पेपरवाला आला, म्हातारबा एकदाही चुकला नाही. दार उघडावं तर जो तो लाकडी पायरीवर पाय झाडत असायचा. नानांना भरून यायचं. पायाची धूळ बाहेर झाडून मग आत, हा बायकोचाच दंडक होता. ती गेली, पण गल्लीला वळण लावून गेली, असं ते म्हातारबाला कौतुकानं सांगत.

सांगत तर काय काय! संध्याकाळी दोघं खिडकीत बसायचे. लग्नाआधी नाना तिच्या घरावरून उगीचच सायकल हाणायचे ती गोष्ट, शाईचे हात बघून सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं ती गोष्ट. म्हातारबा मांडीवर हनुवटी टेकून टक लावून बघत राहायचा. इतकं मन लावून तर बायकोनंही कधी ऐकलं नव्हतं. बायको गेल्यापासून मुकं झालेलं घर पुन्हा बोलायला लागलं.

मग एक दिवस म्हातारबा कान खाजवून खाजवून बेजार झाला. लेक दोघांना प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, डोक्यामागे टाळ्या वाजवल्या, मग वर पाहिलं. नानांनी त्यांचे ओठ वाचले.

"खाज जाईल. पण हा ठार बहिरा आहे, आजोबा. आजचा नाही, फार जुना."

"काहीतरीच काय!" नाना उसळले. "बेल वाजली की मला हाच तर सांगतो!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आता सुटका नव्हती. हात म्हातारबाच्या मानेवर घट्ट झाला. डोळ्यांपुढे गाठोडं, ती खिडकी, कुलूप लावलेलं दार. कसाबसा धीर करून त्यांनी लेकीकडे पाहिलं.

लेक त्यांच्यासमोर उकिडवी बसली. चेहरा उजेडात धरून एकेक शब्द सावकाश बोलली.

"नाना, याला आणल्यापासून तुमची बेल कुणी दाबतच नाही. सगळी गल्ली पायरीवर पाय आपटते."